टोल्याच्या नावाने सामूहिक वनहक्काचा दावा टाकता येतो का? तलाठ्याकडे गाव म्हणून नोंदच नाही

टोल्यावरून

जय सेवा सगळ्यांना. मी उत्तर गडचिरोलीतली, कुरखेडा-कोरची बाजूची. आमचा टोला म्हणजे छोटी वस्ती, ४१ घरांची, गोंड जास्त आणि सात-आठ घरं ढिवरांची. महसुली गाव आमच्यापासून चार किलोमीटरवर आहे, ग्रामपंचायत तर अजून लांब. माझं बीए झालं आणि मी गावातच राहते, म्हणून कागदाचं काही निघालं की लोक माझ्याकडे घेऊन येतात, पण हे प्रकरण मला एकटीला झेपत नाहीये म्हणून इथे विचारते.

झालं असं की मोठ्या गावाला २०१३ मध्ये सामूहिक वनहक्काचा पट्टा (हक्काचा सरकारी कागद) मिळाला. त्यांनी त्यांची शिव (हद्द) धरली आणि आमच्या बाजूचं जंगल त्यात आलंच नाही, कारण ते वापरतो आम्ही, त्यांची माणसं इकडे येतही नाहीत. मग २०१४ ला आमच्या म्हाताऱ्या माणसांनी टोल्याच्या नावाने अर्ज लिहून तालुक्याला नेऊन दिला, पण पोच घेतली नाही, घ्यायची असते हेच कोणाला माहीत नव्हतं. आता मी चौकशीला गेले तर म्हणतात असा अर्ज रेकॉर्डवर नाही. आणि वरून असं सांगितलं की तुमचं महसुली गाव नाही तर दावा कसला, तुमच्या गावाला तर पट्टा मिळालाय, आणि तुमच्याकडे संयुक्त वनव्यवस्थापन समिती आहे ना मग अजून काय पाहिजे.

दुसरी अडचण, पुरावा. निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराची जुनी सरकारी नोंद, मोठ्या गावाच्या नावाने आहे. आमच्याकडे कागद म्हणाल तर चार जणांचे वैयक्तिक पट्टे आणि मतदार यादी, बस.

तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त टोचते. नाल्यापलीकडच्या गावाने निरोप धाडलाय की नाल्याकडचं बांबूचं रान त्यांचं आहे, तिकडे पाय ठेवू नका. आमच्या कितीतरी सोयरिकी त्या गावात आहेत, माझी सख्खी आत्या तिथे दिलेली आहे.

आणि टोल्यातली पोरं विचारतात की वैयक्तिक पट्टा मिळाला तर जमीन नावावर होते, हा सामूहिक पट्टा घेऊन आपल्या हातात काय येणार. मला उत्तर नीट देता येत नाही. कोणी हे सगळं केलेलं असेल तर सांगा, लांब लिहिलं तरी चालेल, मी सभेत वाचून दाखवणार आहे.

नकाशावाला

ताई, जय सेवा. मी बारा-तेरा वर्षं गावांचे दावे लिहून द्यायला मदत करतोय, त्यामुळे लांबच लिहितो.

पहिली गोष्ट, महसुली गाव नाही म्हणून दावा नाही हे साफ चूक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गाव म्हणजे फक्त तलाठ्याच्या वहीतलं गाव नाही, पेसा कायद्यातली (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) गावाची व्याख्या त्यात घेतलीये म्हणजे वस्ती, पाडा, टोला, जिथे लोक एकत्र राहून आपल्या रीतीरिवाजाने कारभार करतात ते गाव. आणि २०१२ साली नियमात जी दुरुस्ती झाली त्यात नियम २अ टाकला तो अशा टोल्यांसाठीच आहे, ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या सगळ्या पाड्या-टोल्यांची यादी करायची, नोंद नसलेल्या वस्त्यासुद्धा, त्या-त्या गावाच्या ग्रामसभेने ठराव करायचा आणि ती यादी उपविभागस्तरीय समितीकडे जाते, तिथून जिल्ह्याला. म्हणजे तुमचं पहिलं काम हे की ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, ही यादी झाली का आणि त्यात आपल्या टोल्याचं नाव आहे का. नसेल तर लेखी मागणी करा. यासोबत महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांखाली टोल्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घ्यायची वेगळी प्रक्रिया आहे, तीही सुरू करून टाका, पुढे फार कामाला येते. पण ती पूर्ण होईपर्यंत वनहक्काचा दावा थांबवायची गरज नाही.

दुसरं, तुम्ही २०१४ ला नेमका कोणता अर्ज दिला? बऱ्याच गावांनी नुसता फॉर्म बी भरला होता. फॉर्म बी म्हणजे निस्तार (घरगुती गरजेपुरता जंगलवापर), गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलातला माल), चराई, मासेमारी असे सामूहिक हक्क. फॉर्म सी वेगळा, तो सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे कलम ३(१)(आय), जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क. फरक लक्षात घ्या. पहिल्याने तुम्ही जंगलातून आणू शकता, दुसऱ्याने जंगलाचं काय करायचं हे तुमची ग्रामसभा ठरवते. दोन्ही भरा. जुना अर्ज शोधत बसू नका, नव्याने टाका. दावे मागवल्यापासून तीन महिन्यांत टाकायचे असतात पण ग्रामसभा ठराव करून ती मुदत वाढवू शकते.

आता पुरावा. ढीगभर कागद लागत नाहीत. नियम १३ सांगतो की एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट समित्यांनी धरायचा नाही हे १२अ मध्ये सरळ लिहिलंय. सामूहिक दाव्यासाठी जे चालतं ते तुमच्या पायाखाली आहे. गुरं कुठे चरतात, कंदमुळं, सात्या (रानातल्या अळंब्या), वास्ते (बांबूचे कोंब) कुठून आणता, मासे कोणत्या डोहात धरता, पेनाचं (गोंडी देवाचं) ठाणं कुठे, मसणवट कुठे, जुनी बोडी (छोटं तळं) किंवा जुन्या घरांचे दगड कुठे आहेत, देवाची झाडं कोणती. याचे फोटो, जीपीएस पॉइंट आणि गावनकाशा, हा एक पुरावा. म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब हा दुसरा, फक्त नियमात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे जबाब म्हटलंय, आणि सामूहिक दाव्यात तर अख्खा टोलाच दावेदार असतो, म्हणून शेजारच्या गावच्या एक-दोन म्हाताऱ्यांचा जबाब नक्की घ्या. निस्तार पत्रक मोठ्या गावाचं असलं तरी जोडा, त्यात तुमच्या बाजूचे कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या तुकड्यांना दिलेले नंबर) सापडू शकतात. वनविभागाचे आणि महसूलचे नकाशे, मतदार यादी हे उपविभागस्तरीय समितीने ग्रामसभेला पुरवायचंय, ते तिचं काम आहे, लेखी मागा आणि यावेळी पोच घ्या.

कोषाध्यक्ष_ग्रामसभा

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, आमच्या ग्रामसभेला पट्टा मिळून बरीच वर्षं झाली, मी हिशोब बघतो. पोरांच्या प्रश्नावर बोलतो मी, कारण आमच्या गावातही हेच विचारून राहिले होते सगळे.

वैयक्तिक पट्टा चांगलाच आहे, तो घ्याच. पण तो तुमच्या वहितीपुरता, दोन-चार एकर. घरात जे येते त्यातलं किती वावरातून येते आणि किती जंगलातून, हे एकदा पोरांना मोजायला लावा. मोह, टोरी (मोहाच्या बिया), चारोळी, हिरडा, बेहडा, डिंक, तेंदू, बांबू, सरपण, गुरांचा चारा, पावसाळ्यातली भाजी. आम्ही एका घराचं मोजलं होतं भिंतीवर खडूने लिहून, तर बाईच म्हणाली की भाऊ आमचं अर्धं वर्ष तर रानावरच निघते, आम्ही कधी धरलंच नव्हतं ते.

आता पैशाचं सांगतो. तेंदू. पूर्वी आम्ही फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) मजुरी करायचो, सत्तर पानांचा पुडा बांधायचा, शेकड्याचा भाव ठेकेदार सांगेल तो. आता ग्रामसभा लिलाव करते, पेपरात जाहिरात देते, करारनामा करते, मजुरीचा भाव ग्रामसभा ठरवते आणि वरून रॉयल्टीचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येते. पण ताई एक गोष्ट आमच्याकडून शिका, आम्हाला फार महाग पडली. एका वर्षी ठेकेदार गोड बोलला, आम्ही अनामत कमी घेतली आणि पैसे पूर्ण यायच्या आधी बोरे (पानांची पोती) गोदामातून जाऊ दिले. त्यानं भाव पडल्याचं कारण सांगितलं आणि उरलेला पैसा दोन वर्षं आला नाही, बाया रोज येऊन माझ्या दारात बसायच्या, मी तोंड दाखवू शकत नव्हतो. तेव्हापासून आमचा ठराव आहे, अनामत आधी, आणि पैसा जमा झाल्याशिवाय एकही बोरा हलत नाही. आजूबाजूच्या ग्रामसभांनी मिळून एकत्र लिलाव केला तर ठेकेदारावर वजनही राहते, तुमच्या कोरचीकडे ग्रामसभांचा महासंघ आहेच, त्यांच्याशी बोला.

आणि सगळं विकलंच पाहिजे असंही नाही बरं का. आमच्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे, २०१२ ला हजारावर हेक्टरचा पट्टा मिळाला त्यांना. त्यांनी तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. कारण पानासाठी फांद्या छाटतात, जंगलाला आग लावतात, मग तेंदूचं फळ लागत नाही, ते फळ माणसं खातात पाखरं खातात. बांबू मात्र ते स्वतः तोडतात, स्वतः विकतात. हे ठरवायचा अधिकार हीच मोठी गोष्ट आहे. मजुराला कोणी विचारत नाही की आग लावायची का नाही.

लेखा-मेंढा तर तुमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात. २००९ ला सुमारे १८०० हेक्टरचा पट्टा मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना कोणी देईना, कारण वनखातं बांबूला लाकूड म्हणायचं. कायद्यात तर बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचं बुक ग्रामसभेच्या हातात दिलं. आता २०१२ च्या नियमानुसार परवाना ग्रामसभेची समितीच देते. पोरांना एक दिवस मेंढ्याला घेऊन जा, इथे वाचून जे कळणार नाही ते तिथल्या माणसांशी बोलून कळेल.

मेळघाटची लेक

ताई तुमचं वाचून माझ्या माहेरचे दिवस आठवले. मी कोरकू आहे, मेळघाट बाजूची, आमच्याकडे व्याघ्र प्रकल्प आहे म्हणून लोकांना सांगितलं जायचं की इथे हक्कच नाहीत. तेही खोटं. सामूहिक वनसंसाधनाच्या व्याख्येत अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातलं जंगलही येतं, जिथे गावाचा पूर्वीपासून वावर आहे ते.

मला एवढंच सांगायचंय की शिव फिरायला बाया घेऊन जा. वनहक्क समितीत (ग्रामसभेने दाव्याच्या कामासाठी निवडलेली समिती) एक तृतीयांश बाया लागतात, सभेतही निम्मी माणसं आणि त्यात एक तृतीयांश बाया लागतात, हे नियमात आहे म्हणून सह्यांपुरत्या बोलावतात पुष्कळ ठिकाणी. आमच्या गावात पुरुष लोक शिव दाखवायला गेले आणि मोठ्या वाटेने फिरून आले, वनरक्षक ज्या वाटेने फिरतो तीच वाट. नकाशा झाला. मग माझी आई म्हणाली यात तर झिरा नाही. झिरा म्हणजे उन्हाळ्यात जिथे पाणी राहते ते, मे महिन्यात बाया तिथून पाणी आणतात, मोहाच्या दिवसांत पहाटे तीनला तिथेच जाऊन बसतात. पुरुषांना जागा माहीत होती पण शिवेत धरायचं सुचलं नाही. दुसऱ्यांदा बाया गेल्या तेव्हा नकाशा वेगळाच निघाला, कितीतरी जागांची नावं आली जी कोणत्याच कागदावर नाहीत. ती सगळी नावं लिहून काढा ताई, गोंडीत असतील तर गोंडीतच लिहा.

अन जंगल आज उजाड असेल तरी दावा सोडू नका. अमरावती जिल्ह्यात पायविहीर आहे, त्यांना मिळालं तेव्हा बराचसा उघडा माळ होता. लोकांनी राखलं, झाडं लावली, रोजगार हमीतून कामं काढली, आज तिथलं सीताफळ मुंबईपर्यंत गेलंय.

कायदा_शिकणारा

वर सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, मी फक्त जिथे फाइल अडते तेवढंच लिहितो.

दावा तयार झाला की वनहक्क समिती पडताळणीची तारीख ठरवते आणि वन व महसूल दोघांनाही कळवते. ते येत नाहीत, ही नेहमीची अडचण. मग दोन वर्षांनी वरून शेरा येतो की आमचे प्रतिनिधी हजर नव्हते म्हणून दावा मान्य नाही. यावर नियम १२अ पाहा. अशी हरकत निघाली तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे परत येतो, आणि दुसऱ्यांदाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून नोटीस दिल्याची पोच, पंचनामा, आलेल्या-न आलेल्यांची नोंद, फोटो, सगळं त्याच दिवशी करून ठेवा. आले तर त्यांची सही पदनामासह घ्या, त्यांचा काही शेरा असेल तर तोही लिहू द्या, अडवू नका.

उपविभागाला किंवा जिल्ह्याला दावा पटला नाही तर त्यांनी परस्पर फेटाळायचा किंवा क्षेत्र कापायचं नाही, कारणं लिहून ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा. तरी फेटाळला तर उपविभागाच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. जिल्ह्यानेही फेटाळलं तर पूर्वी थेट हायकोर्ट हाच मार्ग होता, पण मे २०२० मध्ये राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचा (आदिवासी क्षेत्रांसाठीची) अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रासाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विभागस्तरीय समिती केली, तिथे अपील होतं. कुरखेडा-कोरची अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणजे तुम्हाला लागू.

आणि हे सभेत जोरात वाचून दाखवा: नियम १२ब. प्रत्येक वननिवासी गावाचा सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मान्य होऊन पट्टा मिळेल हे बघणं ही जिल्हास्तरीय समितीची जबाबदारी आहे, आणि एखाद्या गावाला तो मिळाला नसेल तर का नाही याची कारणं समितीच्या सचिवाने लेखी नोंदवायची आहेत. म्हणजे तुम्ही मागायला आलात म्हणून द्यायचं असं हे नाहीच. तुम्ही एका ओळीचं पत्र द्या, आमच्या टोल्याची कारणं नोंदवली असतील तर प्रत द्या.

संयुक्त वनव्यवस्थापन समितीबद्दल, ती सरकारी ठरावाने झालेली, तिच्यात सचिव वनखात्याचा. वनहक्क संसदेच्या कायद्याने आलेला. समिती आहे म्हणून हक्क नको असं होत नाही.

नकाशावाला

शेजारच्या गावाचं राहिलं होतं लिहायचं. ताई, हे कचेरीत नेऊ नका आधी. नियमातही तेच आहे, शिवेवरून दोन गावांत वाद असेल किंवा एकच जंगल दोघं वापरत असतील तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं आणि वापर कसा आहे ते लिहून आपापल्या ग्रामसभेला द्यायचं. तिथे सुटलं नाही तरच उपविभागाकडे. मी आजवर जेवढे दावे वर्षानुवर्षं लटकलेले पाहिले त्यातले बरेच शेजाऱ्याच्या एका हरकतीमुळे लटकलेत, आणि ती हरकत बहुतेक वेळा तिसऱ्याच कोणीतरी पेटवलेली असते. एक रेघ मारलीच पाहिजे असं नसतं. हा तुकडा दोघांचा, बांबू दोघं तोडणार, आग दोघं विझवणार, असं दोन्ही ठरावांत सारख्या शब्दांत लिहिलं तरी चालतं. आत्या तिथे आहे म्हणता ना, आत्याच्या घरून सुरुवात करा.

टोल्यावरून

सगळ्यांचे खूप आभार. दीड महिना झाला, काय काय झालं ते सांगते.

ग्रामपंचायतीत यादी झालेलीच नव्हती. आम्ही अर्ज दिला, पोच घेतली. ग्रामसेवक आधी म्हणाले असा नियम नाही, मग मी वरचं सगळं वहीत उतरवून नेलं होतं ते दाखवलं तर त्यांनी स्वतः वाचून पाहिलं आणि पुढच्या सभेत विषय घेतला. यादीत आता आमच्या टोल्यासोबत अजून दोन टोले आहेत.

आमच्या सभेत वनहक्क समिती निवडली, पंधरा जणांची, सहा बाया. ढिवरांच्या घरातला एक दादा आहे, कारण डोह त्यांनाच जास्त ठाऊक.

शिव फिरायला तीन दिवस लागले. माझा आजा शहात्तर वर्षांचा आहे, त्याला आम्ही नको म्हणत होतो, तर पहाटे काठी घेऊन सगळ्यांच्या आधी तोच तयार. दुसऱ्या दिवशी पहाडीच्या पलीकडे एका जुन्या ऐनाच्या झाडाखाली तो थांबला, पालापाचोळा काठीने बाजूला केला तर खाली दगडांची रास होती, शेंदूर उडून गेलेला. म्हणाला माझ्या आज्यानं मला इथं आणलं होतं, इथवर आपला राव (गावाचा देव) आहे, याच्या पुढं पलीकडच्यांचा. त्या जागेला नाव आहे हे मला पहिल्यांदा कळलं आणि मी याच टोल्यात वाढलेय. बायांनी दाखवलेल्या जागा वेगळ्या, टोरी वेचायची जागा, सात्या निघतात ती वारुळं, बाळंतिणीला लागणाऱ्या मुळीचा उतार. एकूण ६३ जागांची नावं झाली, बरीच गोंडीत आहेत आणि तशीच लिहिली.

मग आत्याच्या गावाला गेलो. पहिल्यांदा कोणी बोलेना. आज्यानं त्यांच्या गायत्याला (गावच्या पुजाऱ्याला) विचारलं की ऐनाखालची दगडं कोणाची, तर तो म्हणाला तुमची आणि आमची, दोघांचे राव तिथं भेटतात. तिथून बोलणं सुरू झालं. कळलं असं की त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, टोल्याला पट्टा मिळाला की तुमचा बांबू बंद. आम्ही म्हटलं आपण लिहूनच ठेवू. नाल्यापासून ऐनापर्यंतचा बांबू दोघांचा, एका वर्षी उगवतीचा भाग तोडायचा, दुसऱ्या वर्षी मावळतीचा, वास्ते खायला कोणीही काढावे पण विकायला नाही, आणि आग दिसली की ज्याला आधी दिसेल त्याने दुसऱ्या गावाला फोन करायचा. दोन्ही समित्यांच्या सह्या झाल्या. त्यांच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाबही मिळाले.

आता एक शंका आहे. पडताळणीची नोटीस वन आणि महसूल दोघांना दिली, तारीख मोह पडायच्या आधीची धरलीये. पट्टा हातात आला तर त्यात नेमकं काय बघायचं? मोठ्या गावाचा पट्टा मी पाहिला, त्यात सरपंचाचं नाव आहे.

कोषाध्यक्ष_ग्रामसभा

हे लई चांगलं केलं ताई. पट्ट्यात बघा, नाव ग्रामसभेचं पाहिजे, सरपंचाचं नाही, समितीचं नाही. कक्ष क्रमांक आणि हेक्टर तुमच्या ठरावाशी जुळवा, आमच्यात एक कक्ष गाळला होता आणि तो परत घालायला तीन वर्षं गेली. कलम ३(१)(आय) लिहिलेलं आहे का बघा, नसेल तर तो फॉर्म सीचा पट्टा नाही. खाली वनखात्याच्या योजनेप्रमाणे, परवानगी घेऊन, अशा अटी टाकल्या असतील तर घेताना तिथेच लेखी हरकत द्या. पट्टा मिळाला की नियम ४ प्रमाणे ग्रामसभेची व्यवस्थापन समिती करा, खातं काढा, ग्रामसभेच्या नावाने पॅन कार्ड काढा, कारण तेंदूचा हंगाम आला की कागदाला वेळ राहत नाही.

मेळघाटची लेक

त्या ६३ नावांची एक प्रत शाळेत लावा ताई. आणि आजोबांचा जबाब मोबाईलवर रेकॉर्डही करून ठेवा, गोंडीतच बोलू द्या त्यांना.

टोल्यावरून

रेकॉर्ड केला कालच, पाऊण तास बोलला आजा, मध्येच थांबून जागांची नावं परत परत सांगत होता, मी बरोबर लिहिलं का बघायला. पडताळणीच्या दिवशी पलीकडच्या गावचे लोकही येतो म्हणालेत. खातेवाले आले नाही आले तरी आम्ही सकाळी सात वाजता ऐनापाशी जमतोय, पंचनाम्याचं रजिस्टर आणलंय, दुपारचं जेवण आत्याच्या गावाकडून येणार आहे. झालं की इथे लिहिते.